फिट थांबल्या, पण माणसं कळत नाहीत

दोन वर्षांत एकही फिट नाही, हे सांगताना आईचा चेहरा खुलायला हवा. माझ्यासमोर बसलेल्या माउलीचा चेहरा खुलला नव्हता. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात कामाला असलेल्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला घेऊन ती आली होती. मुलाला बाहेर बाकावर बसवलं, दार ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "फिट बंद झाल्या जी मॅडम, त्याचं काही नाही. पण याले माणसंच समजत नाही. शेठ कामावरून काढतो म्हणते. घरात मोठी सून बोलत नाही याच्याशी. हे बिमारीत येते का?"

येतं. हे बिमारीत येतं, आणि हा प्रश्न माझ्यापर्यंत फार उशिरा पोचतो म्हणून हा लेख. मी नागपुरात मानसशास्त्रीय चाचण्या करते. मेंदूविकाराच्या डॉक्टरांकडून आलेल्या रुग्णांची स्मरणशक्ती, भाषा, लक्ष तपासणं हे माझं रोजचं काम. सोबत येणाऱ्या फायलीत फिट किती आल्या, कधी आल्या, कोणती गोळी किती मिलिग्रॅम, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, काय दिसलं, सगळं असतं. या माणसाचं माणसांत कसं चाललंय, याला फायलीत रकाना नसतो. घरचेही विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतं हा स्वभाव आहे. "आमचा पोट्टा जरा तिरसटच आहे" म्हणून विषय संपतो.

त्या मुलाला आपण संजू म्हणू. आईच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं बरंच बदललं आहे.

आधी मिरगीबद्दल थोडं. फेफरं, आकडी, अपस्मार, फिट, नावं अनेक, गोष्ट एकच. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संदेशांनी बोलतात. त्यांचा एखादा गट अचानक, आवरेनासा, एका तालात पेटला की फिट येते. जगात सुमारे ५ कोटी लोकांना मिरगी आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नीट निदान झालं आणि औषध नियमित मिळालं तर ७० टक्क्यांपर्यंत रुग्णांच्या फिट थांबू शकतात. हे मी मुद्दाम सांगते, कारण अजूनही चप्पल आणि कांदा हुंगवणारे भेटतात. त्याने फिट थांबत नाही. बहुतेक फिट दोनतीन मिनिटांत आपोआप थांबतात आणि श्रेय कांद्याला जातं.

सगळ्याच फिटमध्ये माणूस खाली पडून हातपाय झटकतो असं नाही. संजूची फिट पाहिली असती तर तुम्हाला कळलीही नसती. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं त्याला व्हायचं, मग तो एका जागी टक लावून बघायचा, ओठ चाटायचा, शर्टाचं बटन चाळवत राहायचा. मिनिटभर. मग पुढचा अर्धा तास गोंधळलेला. चौथ्या वर्षी तापात त्याला एक लांब फिट आली होती, अर्ध्या तासाच्या वर चाललेली. अकराव्या वर्षी हे टक लावणं सुरू झालं. एमआरआयमध्ये उजव्या कानशिलाच्या आत, टेम्पोरल लोब नावाच्या भागात, मेंदूचा एक कोपरा आक्रसलेला दिसतो. हा कोपरा पुढे महत्त्वाचा आहे.

आता आईचा शब्द घेऊ: "माणसं समजत नाही." शास्त्रात याला सोशल कॉग्निशन म्हणतात, मराठीत सामाजिक आकलन. मला मात्र "माणूस वाचणं" हे बरं वाटतं. नागपुरात राहणाऱ्याला हे समजावायला एक "बे" पुरतो. फुटाळा तलावाच्या कठड्यावर मित्र पाठीत थाप मारून म्हणतो, "काय करून राहिला बे?" तेव्हा ती माया असते. सिग्नलवर कोणी अनोळखी माणूस गाडी आडवी घालून तेच चार शब्द बोलतो तेव्हा बाह्या सरसावतात. शब्द तेच, क्रम तोच. फरक पडतो तो आवाजाच्या चढात, भुवईत, बोलणारा किती जवळ उभा आहे यात आणि त्याचं-आपलं नातं काय यात. हा सगळा हिशोब आपण डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो आणि केला हे आपल्याला कळतही नाही.

आपली भाषा तर अशा हिशोबांवरच चालते. लेकी बोले सुने लागे. सासू लेकीला म्हणते, "हल्ली दुधावर साय धरतच नाही गं," आणि हे सुनेला ऐकवलेलं आहे हे घरातल्या सगळ्यांना कळतं, पाचवीतल्या पोरालासुद्धा. पाहुणे उठत नाहीत तेव्हा यजमान घड्याळाकडे पाहून म्हणतात, "उद्या सकाळची शाळा आहे ना रे तुझी?" सरळ बोलणं आपल्याकडे उद्धटपणात जमा होतं, त्यामुळे महत्त्वाचं बरंचसं आडून बोललं जातं. ज्याला आडचं ऐकू येत नाही त्याची आपल्या घरांत फार ओढाताण होते.

संजूच्या दुकानात काय होत होतं ते पाहा. साड्या पाहून झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "घरी विचारून येतो." काउंटरवर चार दिवस उभा राहिलेला कोणीही सांगेल, याचा अर्थ नको. संजू ती साडी वेगळी घडी करून ठेवायचा, दुसऱ्या कोणाला दाखवायचा नाही, संध्याकाळपर्यंत वाट पाहायचा. एकदा त्याने बिलबुकातून नंबर शोधून त्या बाईंना तीनदा फोन केला. एका सकाळी अर्धा तास उशिरा पोचला. शेठ म्हणाले, "अरे वा, आज फार लवकर!" संजू खूश होऊन म्हणाला, "हो ना, बस लवकर भेटली." दुकानातली पोरं हसली. शेठना वाटलं, हा तोंडावर बोलतो. त्या दिवशी कामावरून काढायची भाषा निघाली.

संजूची बुद्धी चांगली आहे. बारावी झाला आहे, तोंडी हिशोब माझ्याहून वेगाने करतो. म्हणूनच लोकांचा विश्वास बसत नाही. एवढा हुशार मुलगा, त्याला टोमणा कळत नाही म्हणजे मुद्दाम करतो. पण माणूस वाचणं आणि हिशोब करणं या मेंदूत काही अंशी वेगळ्या गोष्टी आहेत. एक धड राहून दुसरी लंगडू शकते.

माणूस वाचण्यातही थर आहेत. सगळ्यात पायाचा थर चेहरा आणि आवाज ओळखण्याचा: ही घाबरली, हा चिडला, हिला किळस आली. त्याच्यावरचा थर दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ताडण्याचा. याला थिअरी ऑफ माइंड म्हणतात. हा शब्द १९७८ मध्ये डेव्हिड प्रिमॅक आणि गाय वुड्रफ या दोन संशोधकांनी चिंपांझीवरच्या कामातून रूढ केला. लहान मुलांमध्ये हे तपासायची एक सोपी रीत आहे. संक्रांतीचे दिवस आहेत. दादाने मांज्याची चक्री पलंगाखाली ठेवली आणि तो खाली गेला. बहिणीने ती काढून कपाटावर ठेवली. दादा परत आल्यावर चक्री कुठे शोधेल? तीन वर्षांचं पोर म्हणतं, कपाटावर. कारण चक्री तिथे आहे हे त्याला स्वतःला ठाऊक आहे. साधारण चौथ्या वर्षानंतर पोर म्हणू लागतं, पलंगाखाली. म्हणजे दादाच्या डोक्यात एक जग आहे, ते माझ्या डोक्यातल्या जगापेक्षा वेगळं आहे, आणि दादा त्याच्या जगाप्रमाणे वागणार, हे त्याला उमगतं. टोमणा, विनोद, थाप, भिडेने दिलेला होकार, हे सगळे या थराच्याही वरचे मजले.

मिरगीत यातलं काय बिघडतं? ज्यांच्या फिट टेम्पोरल लोबमधून निघतात त्यांच्यात चेहऱ्यावरची भावना, त्यातही भीती, ओळखण्यात अडचण अनेक अभ्यासांत दिसली आहे. त्यांना आणि फ्रंटल लोबच्या, म्हणजे कपाळामागच्या भागाच्या मिरगीवाल्यांना दुसऱ्याचं मन ताडणंही जड जातं. फिट लहानपणी सुरू झाल्या असतील आणि उजवी बाजू बाधित असेल, तर भीती ओळखण्यातली अडचण जास्त दिसते. इटलीतल्या संशोधकांनी हे २००३ मध्ये मांडलं. संजू नेमका याच गटातला आहे.

असं का, हे समजायला टेम्पोरल लोबच्या आत जावं लागेल. तिथे बदामाच्या आकाराची एक गाठ असते, अमिग्डाला. डावीकडे एक, उजवीकडे एक. आपल्यासाठी काय महत्त्वाचं आहे, धोका कुठे आहे, समोरच्या चेहऱ्यात कुठे बघायचं, हे ती फार लवकर ठरवते. तिला लागूनच स्मरणाचं केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस. टेम्पोरल मिरगीत बहुतेकदा हाच परिसर फिटचं उगमस्थान असतो. ज्या खोलीत माणसं वाचायचा दिवा आहे त्याच खोलीत शॉर्टसर्किट होतं.

अमिग्डालाचं काम किती नेमकं आहे हे अमेरिकेतल्या एका बाईमुळे कळलं. संशोधक तिला फक्त एस. एम. या अक्षरांनी ओळखतात. तिला मिरगी नव्हती, एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने तिच्या दोन्ही अमिग्डाला नष्ट झाल्या होत्या. १९९४ मध्ये राल्फ अडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिला चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही. त्याहून मोलाची गोष्ट पुढे २००५ मध्ये सापडली: ती समोरच्याच्या डोळ्यांकडे आपणहून बघतच नव्हती. भीती तर डोळ्यांतच दिसते, फाकलेल्या डोळ्यांच्या पांढऱ्या भागात. "डोळ्यांकडे बघ" असं तिला स्पष्ट सांगितल्यावर भीती तिला बरोबर ओळखता आली. मात्र ते दर वेळी सांगावं लागलं. हा प्रयोग वाचल्यापासून माझी तपासण्याची आणि सल्ला देण्याची रीत बदलली.

आता कोणी म्हणेल, फिट तर मिनिटभराची, उरलेला वेळ मेंदू ठीक असतो ना? पूर्ण नाही. दोन फिटच्या मधल्या काळातही ईईजीवर बारीक ठिणग्या दिसू शकतात. शिवाय ज्या वयात मूल चेहरे शिकतं, त्या वयात वारंवार फिट आल्या तर ते जाळं विणलं जातानाच त्यात गाठी पडतात. पुढे गोळ्यांनी फिट थांबल्या तरी त्या गाठी आपोआप सुटत नाहीत.

पण सगळं खापर मेंदूच्या एका कोपऱ्यावर फोडणंही खरं नाही. संजूच्या आईला मी विचारलं, लहानपणी याचे मित्र कोण? ती गप्प झाली. मग म्हणाली, पाठवलंच नाही जी कुठे. शाळेची सहल रामटेकला गेली, नाही पाठवलं. अंबाझरीला पोरं पोहायला जायची, तिथे तर प्रश्नच नाही. गल्लीतलं क्रिकेट बंद, कोणाच्या घरी झोपायला जाणं बंद. तिची भीती खोटी नव्हती, मिरगी असलेल्याने एकट्याने पाण्यात उतरू नयेच. पण भांडणं, चिडवाचिडवी, रुसवे, कट्टी-बट्टी, हीच माणूस वाचण्याची शाळा. ती शाळा संजूची सुटली. त्याच्या मेंदूला आधीच जे अवघड होतं त्याचा सरावही कमी पडला. पालकांना मी कळकळीने सांगते, पाणी, उंची, आग, गाडी चालवणं यात डॉक्टर सांगतील तेवढं सांभाळा. पण माणसांपासून लेकराला दूर ठेवू नका.

गोळ्यांचाही वाटा असू शकतो. लेव्हेटिरासिटाम हे चांगलं आणि खूप वापरलं जाणारं औषध आहे, पण त्याने काहींची चिडचिड वाढते. टोपिरामेटने काहींना शब्द पटकन सुचत नाहीत, बोलणं मंदावतं. घरच्यांना वाटतं पोरगा तुसडा झाला. अशी शंका आली तर डॉक्टरांशी बोला, पर्याय असतात. आपल्या मनाने गोळी बंद करणं धोक्याचं आहे, सलग लांबणारी जीवघेणी फिट त्यातून येऊ शकते. हे वाक्य मी हात जोडून लिहिते आहे.

उदासी आणि चिंता मिरगीत खूप आढळतात. उदास माणसाला समोरचा साधा चेहराही आपल्यावर रागावलेला वाटतो. तिसरी एक बारीक गोष्ट अशी, की काही फिट फक्त काही सेकंदांच्या असतात. गप्पा रंगल्या आहेत, त्यातली आठदहा सेकंद कापली गेली, आणि नेमका तेवढ्यात विनोद झाला. सगळे हसतात, हा बघत राहतो. असं रोज चारदा झालं तर माणूस गप्पांतून उठून जातो. म्हणून तपासताना मी आधी विचारते की हे नेहमी होतं की मधूनमधून.

हे तपासतात कसं? एक चाचणी फक्त डोळ्यांच्या फोटोंची आहे, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची, ३६ फोटो, प्रत्येकाखाली चार शब्द, योग्य तो निवडायचा. पण फोटोतले चेहरे परदेशी आणि शब्द पुस्तकी, त्यामुळे आपल्याकडे ती जपून वापरावी लागते. भारतीय माणसांसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत एक चाचणीसंच तयार झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचं नाव सोक्रॅटिस. गोष्टी आपल्या वळणाच्या असतील तर कुठे अडतं ते नेमकं कळतं. त्याच धर्तीवर, चाचणी म्हणून नव्हे तर गप्पांतला अंदाज म्हणून, मी संजूला माझी एक गोष्ट सांगितली.

सुनंदाकाकूंनी पाहुण्यांसाठी सकाळपासून खपून पाटोडीचा रस्सा केला. जेवायला बसल्यावर शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाहेरून आणलेल्या पाटोडीले काही चव नसते बाप्पा. घरची ते घरचीच." सुनंदाकाकू म्हणाल्या, "भात वाढू का अजून?"

मी विचारलं, यात कोणी बोलू नये असं काही बोललं का?

संजू विचार करून म्हणाला, "नाही. बाहेरची पाटोडी खरंच चांगली नसते."

पाटोडी कोणी केली होती?

"सुनंदाकाकूंनी. घरी."

हे शेजारच्या काकूंना माहीत होतं?

इथे तो थांबला. बराच वेळ. कपाळावर आठी आली. "नाही. त्यांना वाटलं विकत आणली."

मग सुनंदाकाकूंना कसं वाटलं असेल?

"त्यांनी तर भात वाढला."

याच उत्तरात सगळं आलं. गोष्ट त्याला पूर्ण आठवत होती, म्हणजे स्मरण ठीक. शेजारीण काय समजली हेही त्याने काढलं, पण गणितासारखं, एकेक पायरी चढून, आपल्याला जे क्षणात दिसतं त्याला अर्धं मिनिट लागलं. आणि भात वाढू का म्हणणाऱ्या बाईच्या तोंडामागचं दुखावलेपण त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. खऱ्या गप्पांत अर्धं मिनिट कोण थांबतं?

आता मोठ्या सुनेची गोष्ट, कारण तिथे सगळे चुकत होते. वहिनीचे वडील वारले. ती माहेराहून तिसऱ्या दिवशी परतली, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली. रडत नव्हती. संजू आत आला आणि म्हणाला, "वहिनी, आज डबा नाही केला?" घरात वादळ झालं. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलेना, आणि मी तिला दोष देत नाही. पण पुढचा भाग मला आईने सांगितला तेव्हा तिला स्वतःलाही त्याचा अर्थ लागला नव्हता. त्या रात्री भावाने संजूला झापलं, "तिचा बाप गेला बे, तिच्या जिवाला काय होत असेल!" दुसऱ्या दिवशी पहाटे नळ आला तेव्हा संजूने उठून सगळं पाणी भरलं. भांडी घासली. बर्डीवरून वहिनीच्या आवडीची संत्राबर्फी आणून फ्रीजमध्ये ठेवली, कोणाला न सांगता. तेरा दिवस पहाटेचं पाणी त्यानेच भरलं.

दुसऱ्याला काय वाटतंय हे ओळखणं एक, आणि ते कळल्यावर आपल्याला कळवळा येणं दुसरं. मिरगीत अडचण बहुधा पहिल्यात असते. संजूला वहिनीचं दुःख दिसलं नाही, पण सांगितल्यावर ते त्याला लागलं, पहाटे पाचला उठण्याइतकं लागलं. जुन्या काळी डॉक्टर मंडळीसुद्धा मिरगीवाल्यांचा म्हणून एक स्वभाव मानत: हट्टी, चिकट, स्वार्थी. त्या शिक्क्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसांचं नुकसान केलं. मिरगी असलेल्या पुष्कळ लोकांना माणसं उत्तम कळतात, शिक्षक, वकील, दुकानदार म्हणून ते छान जगतात. ज्यांना अडचण आहे त्यांचीही तऱ्हा वेगवेगळी, आणि अनेकदा त्यांना स्वतःला ती जाणवत नाही. म्हणून मी घरच्या एकातरी माणसाला आवर्जून बोलावते.

लग्नाचा विषय इथे येतोच. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात मिरगी हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं. १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. कायदा बदलून इतकी वर्षं झाली, तरी स्थळाला सांगायचं की लपवायचं यावर घरोघरी खल चालतो. माझं मत स्पष्ट आहे, सांगावं, आणि मिरगीबरोबर ही माणसं वाचण्यातली अडचणही सांगावी. मुलगी पाहायचा कार्यक्रम म्हणजे तासाभरात दहा अनोळखी चेहरे, प्रत्येक वाक्याला दोन अर्थ. संजूसारख्याची तिथे सगळ्यात वाईट बाजू दिसते. त्याऐवजी दोघांनी चारपाच वेळा निवांत भेटावं, साधं बोलावं. पहाटे पाणी भरणारा माणूस तेव्हाच दिसतो.

मग करायचं काय? या अडचणीवर वेगळी गोळी नाही. फिट आटोक्यात ठेवणं, झोप पुरेशी घेणं, उदासी असेल तर तिच्यावर उपचार घेणं, हा पाया. टेम्पोरल लोबची शस्त्रक्रिया काहींच्या फिट थांबवते, पण त्यामुळे माणसं वाचता येऊ लागतील असं धरून चालू नये. नागपुरात मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे, सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूविकार विभाग आहे. तिथे गेल्यावर फिटचा आकडा सांगून थांबू नका. "माणसांत अडचण येते" हे वाक्य पाठ करून जा आणि दोन प्रसंग सांगा. प्रसंग सांगितले की डॉक्टरांच्या लगेच लक्षात येतं.

बाकीचं घरात आणि दुकानात होतं. संजूला मी एस. एम. ची युक्ती दिली, कोणी बोलत असताना आधी डोळ्यांकडे बघायचं. त्याने ती गोष्ट गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवण्यासारखी सवयीत बसवली, साडी टाकली की नजर वर. नेहमीच्या आडून बोलण्याची एक वहीच आम्ही केली. "घरी विचारून येतो" म्हणजे बहुधा नको. "बघू" म्हणजे बहुधा नाही. उशीर झाला असताना "लवकर आलास" म्हणजे रागावले. बोलणं आणि प्रसंग एकमेकांच्या उलट असतील तर थांबायचं आणि विचारायचं, "शेठ, तुम्ही रागावले का?" हे विचारायला त्याला सगळ्यात कठीण गेलं. पण विचारलेलं कोणाला वाईट वाटत नाही, हेही त्याला नवीन होतं.

आणि घरच्यांना सांगितलं, आडून बोलू नका. राग आला तर "मला राग आला" म्हणा. सुरुवातीला आईला ते फार उद्धट वाटलं. सासू-सुनांच्या घरात सरळ वाक्य बोलणं सोपं नसतं. वहिनीला मी एकटीला भेटले, पाण्याच्या तेरा दिवसांबद्दल बोलले. ती म्हणाली, "मला वाटलं सासूबाईंनी भरायला लावलं." संत्राबर्फी कोणी आणली हे तिला तोपर्यंत माहीत नव्हतं.

शेठना भेटायला संजू स्वतः गेला, आईला न घेता. मिरगीबद्दल त्यांना ठाऊक होतं, हे नव्हतं. ते म्हणाले, असं होय, मग सरळ सांगत जाईन. आता उशीर झाला की म्हणतात, "संजू, वीस मिनिटं उशीर." संजू म्हणतो, "चुकलं शेठ." दोघांचं बरं चाललं आहे.

मागच्या महिन्यात तो फॉलोअपला आला, जरा वैतागलेला. एका बाईंना त्याने तासभर साड्या दाखवल्या, त्या म्हणाल्या घरी विचारून येते. त्याने वहीप्रमाणे साडी परत कप्प्यात लावली, दुसऱ्या गिऱ्हाइकाने ती घेतली. संध्याकाळी बाई परत आल्या, नवऱ्याला घेऊन, तीच साडी मागत.

"आता सांगा मॅडम," तो म्हणाला. माझ्या डोळ्यांकडे बघत होता. "त्या खरं बोलून राहिल्या होत्या हे कसं ओळखायचं?"

मी त्याला सांगितलं, हे मलाही ओळखता आलं नसतं.

त्याने वही उघडली, "बहुधा" या शब्दाखाली रेघ मारली आणि बस पकडायला निघाला.